चार गुंठ्यांतलं वर्कशॉप

दोन पावसाळे ते लेथ मशीन पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभं होतं. माझे एक स्नेही टूलरूममधून निवृत्त झाले, तेव्हा जुन्या यंत्रांच्या लिलावातून त्यांनी ते घेतलं. मिरजेपासून फार लांब नसलेल्या एका कॉलनीत त्यांचं घर आहे. प्लॉट चार गुंठ्यांचा, पुढच्या अंगाला बाराशे फुटांचं घर आणि मागे मोकळी जागा. मागच्या तिन्ही कुंपणभिंती चांगल्या पक्क्या होत्या. त्यावर लोखंडी कैच्या टाकून वर पत्रे मारले की चव्वेचाळीस फूट बाय तेवीस फूट, म्हणजे हजार फुटांचं वर्कशॉप तयार. तीन भिंतींचा खर्चच वाचणार होता. फॅब्रिकेटर अ‍ॅडव्हान्स घ्यायला दारात आला, त्याच दिवशी मी तिथे होतो. मी एवढंच विचारलं, "नकाशा मंजूर करून घेतलात का?" ते म्हणाले, "माझीच जागा, माझाच छंद. नकाशा कशाला?"

पुढे त्यांच्याबरोबर मी त्या फाइलच्या मागे बरेच महिने फिरलो. त्यात जे कळलं ते इथे लिहितो आहे. घरालगत मोठं वर्कशॉप बांधायची हौस असलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. कुणाला सुतारकाम करायचं असतं, कुणाला जुन्या जीपचं इंजिन उघडायचं असतं. सगळे सुरुवात शेडच्या मापापासून करतात. फाइल मात्र अडते किंवा सुटते ती एका वेगळ्याच शब्दावर. तो शब्द म्हणजे 'वापर'.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ या कायद्यात 'विकास' या शब्दाचा अर्थ फक्त बांधकाम असा नाही. जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात केलेला मोठा बदल हाही विकासच, आणि विकासाला आधी परवानगी लागते. म्हणजे एकही वीट न रचता, आहे त्या गॅरेजमध्ये नियमित जॉबवर्क सुरू केलं तरी तुम्ही या कायद्याच्या कक्षेत येता. उलट हजार फुटांची पक्की इमारत उभी केली आणि तिचा वापर घराला पूरक राहिला, तर ती निवासी भागातही बसू शकते.

वापर कोणता चालेल हे जमिनीच्या झोनवर ठरतं. विकास योजनेच्या किंवा प्रादेशिक योजनेच्या नकाशावर प्रत्येक तुकड्याला रंग दिलेला असतो: निवासी, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक-निमसार्वजनिक, शेती किंवा हरित. आपला सर्व्हे नंबर किंवा गट नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागता येतो. हा कागद सगळ्यांत आधी हातात घ्यावा. सातबारा आणि मिळकत पत्रिका जमीन कुणाची हे सांगतात, त्यावर काय करता येईल हे झोन दाखला सांगतो. शिवाय भाग नकाशावर एखादा रस्ता तुमच्या प्लॉटचा कोपरा कापत जातो का, एखादं आरक्षण पडलं आहे का, हेही तिथेच दिसतं. स्नेह्यांच्या प्लॉटवर सुदैवाने काही नव्हतं. झोन निवासी होता.

नियमांची पुस्तकं आपल्याकडे दोन. बृहन्मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ चालते. उरलेल्या जवळजवळ सगळ्या राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत नियमावली लागू आहे, जिला नगररचनेतली सगळी माणसं 'यूडीसीपीआर' म्हणतात. एमआयडीसीच्या हद्दी, काही गिरिस्थानं आणि पर्यावरण संवेदनशील क्षेत्रं अशा मोजक्या जागा तिच्या बाहेर आहेत. त्यापूर्वी गावोगावच्या महापालिका आणि नगरपरिषदांच्या नियमावल्या वेगवेगळ्या असायच्या. आता पुस्तक एक झालं, हे फार चांगलं झालं.

या पुस्तकात 'गृहव्यवसाय' या शब्दाची व्याख्या आहे. वर्कशॉपचं स्वप्न असलेल्या प्रत्येकाने ती आधी वाचावी. तिचा मथितार्थ असा: त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाने पगारी मजूर न ठेवता केलेलं काम. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे घराशिवाय दुसरं काही चाललं आहे असं कळता कामा नये, म्हणजे पाटीही नको. तिथे तयार झालेलीच वस्तू विकायची, बाहेरून आणून नाही. ती धोकादायक नसावी, शेजाऱ्यांना त्रास देणारी नसावी. यंत्रं वापरली तर ती एरवी घरात वापरतात तशीच. आणि मोटर चालवली तर एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या वर जाता कामा नये.

०.७५ किलोवॅट म्हणजे एक हॉर्सपॉवर. आपल्या स्वयंपाकघरातला मोठा मिक्सर ७५० वॅटचा असतो. म्हणजे नियमाच्या नजरेत तुमचा सगळा गृहव्यवसाय एका मिक्सरच्या ताकदीवर चालायला हवा. स्नेह्यांची यादी आम्ही कागदावर लिहिली. लेथ दोन हॉर्सपॉवर, कॉम्प्रेसर दोन, ड्रिल अर्धा, बेंच ग्राइंडर अर्धा. झाले पाच, म्हणजे पावणेचार किलोवॅट. मर्यादेच्या पाचपट, आणि वेल्डिंग मशीन अजून यादीत आलंच नव्हतं.

मला ही मर्यादा मनापासून चुकीची वाटते. हॉर्सपॉवरवरून शेजाऱ्याचा त्रास मोजता येत नाही. दोन हॉर्सपॉवरचं चांगलं बसवलेलं लेथ चालू आहे हे शेजारच्या घरात फारसं जाणवत नाही, आणि हातात मावणारा, एक हॉर्सपॉवरहूनही लहान अँगल ग्राइंडर अख्ख्या गल्लीचे कान किटवतो. मर्यादा घालायची तर ती कुंपणावर पोहोचणाऱ्या आवाजाला, धुराला आणि धुळीला घालावी. पण नियम आज आहे तो असा आहे, आणि घर बांधायचं ते आजच्या नियमात.

आता प्रश्न उरतो तो छंदाचा. माणूस काही विकतच नसेल, कुणाचं काम घेतच नसेल, तर तो व्यवसाय नाही. मग त्याची शेड ही मुख्य घराला जोडून असलेली अनुषंगिक इमारत ठरते, जशी गॅरेज किंवा कोठीची खोली. अशी इमारत मुख्य वापराला पूरक आणि त्याहून दुय्यम असावी लागते. म्हणून नकाशावर तिचं नाव काय लिहिता याला महत्त्व आहे, पण नावापेक्षा खरेपणाला अधिक. 'स्टोअर रूम' लिहायचं आणि आत चार पोरं कामाला ठेवायची, हे काही वर्षं खपतं. ज्या दिवशी शेजाऱ्याशी बिनसतं, त्या दिवशी तक्रारअर्ज जातो आणि सगळं उघडं पडतं.

स्नेह्यांची खरी अडचण इथे निघाली. मशीन उभं राहिल्यावर ओळखीच्या एका फाउंड्रीकडून थोडं जॉबवर्क घ्यावं, महिन्याला काही पैसे सुटतील, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी ते सहज बोलून दाखवलं आणि नकाशा काढणाऱ्या लायसन्स इंजिनिअरने पेन खाली ठेवलं. जॉबवर्क म्हटलं की छंद संपला. पाच हॉर्सपॉवरवर तो गृहव्यवसायही राहत नाही. तो उद्योग होतो. पुरेशा रुंद रस्त्यालगतच्या निवासी भागात काही ठरावीक सेवा उद्योगांना मुभा असते, पण तिथे प्रत्येक उद्योगापुढे हॉर्सपॉवर, कामगार आणि क्षेत्रफळ यांच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि स्नेह्यांच्या दारातला रस्ता तेवढा रुंद नव्हता. ते दोन दिवस विचारात होते. मग म्हणाले, "घरी फक्त माझं काम. पैशाचं काम करावंसं वाटलं तर औद्योगिक वसाहतीत गाळा भाड्याने बघीन." हा निर्णय झाला आणि फाइल पुढे सरकली.

खरं तर काम आणि घर एका छपराखाली असणं ही आपली फार जुनी रीत. मिरजेतच सतारमेकर गल्ली आहे. तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. पंढरपूरकडच्या शेतांतले भोपळे तिथे येतात, वाळतात, कापले जातात, आणि माणसं त्याच परिसरात राहतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इचलकरंजीत घराला लागून माग चालले. धारावीच्या कुंभारवाड्यात राहायची खोली, चाक आणि भट्टी एकमेकांना लागून आहेत. मुंबईत काम करणारे राहुल श्रीवास्तव आणि मातियास एशानोव्ह या दोघांनी अशा घरांना 'टूल-हाऊस' असं नाव दिलं. गावात सुताराचा आणि लोहाराचा कामठा घराच्या अंगणातच असे.

मग घर आणि काम यांना वेगळं करावं असं का वाटलं? त्यामागे खरी भीती होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्या, हवा नाही, उजेड नाही, गिरण्या आणि चाळी एकमेकांना चिकटलेल्या. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि १९१५ साली मुंबई नगररचना कायदा आला. या विषयावरचा तो देशातला पहिला कायदा. पश्चिमेकडे त्याच सुमारास झोनची कल्पना रुजत होती. न्यूयॉर्कने १९१६ साली सगळ्या शहराला झोन लावले, आणि ओहायोतल्या युक्लिड नावाच्या गावाचा खटला १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा निवासी भागातून कारखाने दूर ठेवण्याचा गावाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. आपल्याकडे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ साली आले आणि गावोगाव हिंडले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापकही झाले. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, जिथे खरोखर अडलं आहे तेवढंच मोकळं करा, असं ते सांगत राहिले. त्यांचं ऐकलं गेलं असतं तर गृहव्यवसायाची व्याख्या बहुधा इतकी आखडलेली राहिली नसती, असं मला वाटतं.

पण भीती खरी होती हे विसरू नये. ज्या माणसाच्या भिंतीला लागून वेल्डिंग चालतं, त्याला विचारून पाहा.

मापाचा खेळ वापर ठरल्यावर सुरू होतो. त्यात लोक चटई क्षेत्राची फार काळजी करतात, आणि बंगल्याच्या प्लॉटवर तीच सहसा नको असते. हिशेब पाहा. चार गुंठे म्हणजे ४,३५६ चौरस फूट. घर १,२००, शेड १,०००, मिळून २,२००. निर्देशांक साधारण अर्धा आला. गावठाणाबाहेरच्या निवासी भागात मूळ निर्देशांक एकच्या आसपास असतो. म्हणजे कागदावर अजून तेवढंच बांधकाम शिल्लक.

अडतं ते सामासिक अंतरात, ज्याला बोलताना सगळे 'मार्जिन' म्हणतात. इमारतीच्या चारही बाजूंना जी जागा मोकळी आणि आभाळाखाली उघडी सोडायची, ती ही. पुढचं अंतर रस्त्याच्या रुंदीवर, बाजूचं आणि मागचं प्लॉटच्या आकारावर आणि इमारतीच्या उंचीवर ठरतं. स्नेह्यांचा प्लॉट चव्वेचाळीस फूट रुंद आणि नव्याण्णव फूट खोल. हिशेबापुरते पुढे दहा फूट आणि उरलेल्या तीन बाजूंना पाच-पाच फूट धरू. पाच फूट म्हणजे काय ते, असं वाटतं. पण दोन्ही लांब बाजूंची पट्टी ९९० फूट खाते, मागची १७०, पुढची ३४०. एकूण पंधराशे फूट गेले. प्लॉटचा एक तृतीयांशाहून जास्त भाग.

कुंपणभिंतीवर पत्रे टाकायची कल्पना इथेच मेली. ती कल्पना आपल्याकडे इतकी सर्रास दिसते की ती चालते असाच सगळ्यांचा समज आहे. पत्र्याची असली, नटबोल्टची असली, 'उद्या काढून ठेवू' अशी असली, तरी छप्पर आलं आणि वापर कायमचा झाला की ते बांधकाम. शेजाऱ्याने कोऱ्या कागदावर ना हरकत लिहून दिली तरी अंतर सुटत नाही. ते अंतर एकट्या शेजाऱ्याच्या मालकीचं नसतं. आग लागली तर तिथून माणूस शिरतो, त्याच पट्टीतून दोन्ही घरांना वारा मिळतो, आणि उद्या ते घर तिसऱ्याच माणसाने विकत घेतलेलं असतं. खरोखर अडचण असेल तर मापात काही सवलत देण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे, मात्र आरोग्य, आग, इमारतीची मजबुती आणि शेजाऱ्यांची सुरक्षितता यांना धक्का लागू न देता. रस्त्याकडचं अंतर आणि चटई क्षेत्र यांत ती सवलत एरवी मिळत नाही. "साहेबांना भेटून करून घेऊ" म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देण्याआधी ही ओळ त्याला वाचून दाखवावी.

फाइल दाखल करताना आणखी एक गोष्ट होते, आणि बरेच जण तिथे फसतात. अर्ज शेडचा असला तरी नकाशा अख्ख्या प्लॉटचा जोडावा लागतो. मग दहा वर्षांपूर्वी वाढवलेलं स्वयंपाकघर, जिन्याखाली काढलेली मोरी, गच्चीवरची खोली असं सगळं एकदम कागदावर येतं. मूळ मंजूर नकाशा कपाटातून काढून, टेप घेऊन, आहे ते घर त्याच्याशी आधी स्वतः ताडून पाहावं. स्नेह्यांचा पोर्च मंजुरीपेक्षा दोन फूट पुढे आलेला निघाला. शेडच्या आधी त्याचा निकाल लावावा लागला. जमिनीची हद्दही भूमी अभिलेखाच्या मोजणीतूनच धरावी. कुंपण जिथे आहे तिथेच हद्द असते असं नाही.

परवानगीची पद्धत पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. यूडीसीपीआरमध्ये दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर साधं बांधकाम असेल तर नकाशा आणि शुल्क भरल्याची पोच यावरच काम सुरू करता येतं, आणि तीनशेपर्यंत तज्ज्ञाच्या दाखल्यावर थोड्या दिवसांत मंजुरी मिळते. चार गुंठे म्हणजे चारशे चौरस मीटरच्या थोडे वर, त्यामुळे स्नेह्यांना पूर्ण वाट चालावी लागली. अर्ज पूर्ण असूनही साठ दिवसांत काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो, पण प्रस्ताव नियमात तंतोतंत बसत असेल तरच. नामंजुरी आली तर चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालतं आणि दर वर्षी वाढवून घेता येतं, जास्तीत जास्त तीनदा. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. हा शेवटचा कागद घ्यायचा कंटाळा करू नये. घर विकताना, कर्ज काढताना, विमा मागताना तोच विचारतात.

गावाकडे जागा असलेल्यांसाठी दोन शब्द. ग्रामपंचायतीचा परवाना गावठाणाच्या आत. बाहेर जिल्हाधिकारी किंवा त्या भागाचं विकास प्राधिकरण. 'ग्रामपंचायतीत नोंद आहे, घरपट्टी भरतो' या वाक्याने बांधकाम अधिकृत होत नाही, पट्टी तर अनधिकृत बांधकामावरही आकारतात. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतली जमीन बिगरशेती करण्यासाठी महसूल कायद्यात कलम ४२-ड घालून वाट सोपी केली होती. आज आपल्याला काय लागू पडतं हे तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये जरूर पाहावं. शेतात शेड घालायची असेल तर कायदा शेतघराची व्याख्या करतो: अवजारं, खत, वैरण, धान्य, जनावरं, राहणं, आणि शेतीच्या व्यवस्थेचाच भाग असलेलं आणखी काही. आपल्याच ट्रॅक्टरची आणि पेरणी यंत्राची दुरुस्ती त्यात बसते. गावातल्या सगळ्यांचे ट्रॅक्टर यायला लागले की बसत नाही. पुन्हा तोच शब्द, वापर.

लाकडाची हौस असणाऱ्यांनी एवढं जास्त ध्यानात ठेवावं. चिरलेली फळी आणून तिच्यापासून कपाट करणं वेगळं आणि ओंडका आणून तो चिरणं वेगळं. दुसरं आरागिरणीत मोडतं. वनक्षेत्राच्या प्रसिद्ध गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर आरागिरण्यांवर फार कडक बंधनं आहेत. उभी पट्टी-करवत, म्हणजे बँडसॉ, घरी आणण्याआधी वनविभागात विचारून घ्यावं. आणि मोटरच्या यंत्रांवर विक्रीसाठी फर्निचर करायला लागलात, तर प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत ते हिरव्या गटात येतं, म्हणजे मंडळाची संमती लागते.

विजेचं वेगळं सांगायला हवं, कारण दंड तिथे सगळ्यांत लवकर बसतो. घरगुती जोडणीवर उद्योग चालवला तर वीज कायदा २००३च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर. आकारणी लागू दराच्या दुप्पट, आणि कधीपासून चालू आहे हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. छंदाच्या वापराला ही भीती नाही, पण मंजूर भार वाढवून घ्यावाच लागतो. घराच्या एका कोपऱ्यात छोटा व्यवसाय करणाऱ्यांना महिन्याला तीनशे युनिटपर्यंत घरगुती दराची सवलत वीज नियामक आयोगाच्या आदेशांत दिलेली आहे. शिवणकाम करणाऱ्या पुष्कळ बायकांना ती माहीतच नसते आणि त्या उगाच घाबरून असतात.

आता आवाज. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल, ही २०००च्या ध्वनी नियमांतली मर्यादा. ती ठरावीक वेळेच्या सरासरीवर मोजतात, क्षणभराच्या खणखणाटावर नाही. पण अंदाज यावा म्हणून पाहा: अँगल ग्राइंडर लोखंडावर टेकला की एक मीटरवर ९५ डेसिबलच्या आसपास आवाज होतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल उतरतात. दोन मीटरवर ८९, चारवर ८३, आठवर ७७, सोळावर ७१. म्हणजे पाच फुटांच्या मार्जिनने काहीच साधत नाही, काम करायचं ते भिंतीने. स्नेह्यांनी पत्र्याच्या भिंतींचा विचार सोडून नऊ इंची विटांच्या भिंती घेतल्या. शेजाऱ्यांकडच्या तीन बाजूंना एकही खिडकी ठेवली नाही, उजेडासाठी उंचावर पक्क्या काचा बसवल्या आणि दारं-खिडक्या सगळ्या स्वतःच्या घराकडे उघडल्या. कॉम्प्रेसरला वेगळी कोठडी केली. छताच्या पत्र्याखाली जाड अस्तर दिलं, नाहीतर पत्रा ढोलासारखा वाजतो आणि पावसात आतल्या माणसालाही काही ऐकू येत नाही.

हे सगळं उभं राहण्याआधी, आखणीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. गवंड्याने चार खुंट्या ठोकल्या, सूत ताणलं आणि मुठीतून फक्की सोडत पांढऱ्या रेषा ओढल्या. आधी मार्जिनच्या रेषा आल्या: दोन्ही बाजूंनी पाच फूट, मागे पाच फूट. मग घराच्या मागच्या भिंतीपासून दहा फूट सोडले. आत उरला चौतीस फूट बाय चौतीस फुटांचा चौकोन. त्यात तीस बाय तेहतीसची शेड आखली. नऊशे नव्वद फूट. कुंपणापासून कुंपणापर्यंत जे एक हजार बारा फूट मिळणार होते, त्यातले बावीस फूट कमी झाले होते फक्त.

स्नेही त्या रेषांच्या आत शिरले. खिशातून खडू काढला, घट्ट चोपलेल्या मुरमावर लेथची जागा आखली. मग तिच्यापासून चार पावलं मोजून ड्रिलची. तेवीस फुटांच्या लांबट शेडमध्ये लांब दांडा लेथच्या स्पिंडलमधून मागे काढायला जागाच उरली नसती, हे त्यांच्या तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं. चौकोनात ती होती. त्यांनी हात लांब करून दांडा धरल्यासारखा केला, मागे वळून अंतर पाहिलं, आणि गवंड्याला म्हणाले, "दार सहा इंच डावीकडे घे."

मागच्या कुंपणापलीकडून शेजारच्या आजोबांनी डोकावून विचारलं, "काय बांधताय?" स्नेही सुताच्या दोरीवरून पाय उचलून कुंपणाजवळ गेले आणि मंजूर नकाशाची घडी उलगडून त्यांच्यापुढे धरली.